भावाच्या अंगावरचं पुरळ, गेल्या वर्षीची नागीण आणि एचआयव्हीची चाचणी

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते. भाऊ ३४ वर्षांचा, यंत्रमाग कारखान्यात कामाला, तुमच्याच घरी राहतो. आठ महिन्यांपासून हातापायांवर टणक, प्रचंड खाजणाऱ्या पुटकुळ्या येतात आणि जाताना काळे डाग ठेवून जातात. मेडिकलमधून आणलेल्या तीन ट्यूब संपल्या. गेल्या वर्षी कमरेला नागीण झाली होती, ती गेरू लावून उतरवून घेतली. आता जेवताना तोंड जळतं. भावजय पाच महिन्यांची गरोदर आहे, माहेरी गेली आहे. डॉक्टरांनी एचआयव्हीची चाचणी करायला सांगितल्यापासून घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाही. तुमचे प्रश्न दोन आहेत: नुसत्या पुरळावरून एचआयव्ही कळतो का, आणि तुमच्या मुलांना त्याच्यापासून काही लागेल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण घराची झोप त्याने उडालेली असते. नाही, एका घरात राहून मुलांना एचआयव्ही लागत नाही. ताटवाटी, अंथरूण, संडास, घाम, खोकला, मिठी, कशातूनही नाही. डासातूनही नाही. टॉवेल एक असला तरी नाही. पण ते पुरळ खरजेचं निघालं किंवा गजकर्णाचं निघालं, तर ते मात्र टॉवेलातून आणि अंथरुणातून घरभर फिरतं. आपलं गाव अख्ख्या देशाला टॉवेल पुरवतं, तेव्हा आपल्या घरात माणशी एक टॉवेल आजपासून ठेवा. दाढीचं ब्लेड कुणी कुणाचं वापरू नये, हे चाचणीचा निकाल काहीही आला तरी पाळायचं.

आता पहिला प्रश्न. मी सोलापुरात पंचवीसहून जास्त वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते, आणि तरीही नुसत्या अंगाकडे बघून 'याला एचआयव्ही आहे' असं मी सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या त्वचेवर बहुतेक वेळा तेच आजार दिसतात जे तुमच्या-माझ्या घरात दिसतात: कोंडा, गजकर्ण, खरूज, चामखीळ, नागीण, तोंड येणं. बदलते ती त्यांची चाल. चार दिवसांत जाणारं चार महिने राहतं, एका जागी असणारं अंगभर पसरतं, लहान मुलांचा आजार मोठ्याच्या तोंडावर दिसतो, म्हातारपणीचा आजार तिशीत येतो, आणि बरोबर औषध देऊनही दाद मिळत नाही.

असं का होतं ते मंगळवेढ्याच्या रानातल्या ज्वारीवरून सांगते. हुरड्यात आलेल्या रानाला राखण लागते. राखण्या उठून गेला तर पाखरं काही परदेशातून येत नाहीत, बांधावर बसलेलीच आत उतरतात. आपल्या त्वचेवर आणि शरीरात असे पाहुणे कायम असतात. कोंड्याची बुरशी डोक्यावर असते, तोंडात कँडिडा नावाची बुरशी असते, लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत जन्मभर झोपलेला असतो. सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी यांच्यापासून राखण करतात. निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही नेमक्या याच पेशी मारतो, आणि हे काम तो वर्षानुवर्षं सावकाश करतो. आकडा घसरत गेला की एकेक पाखरू रानात उतरायला लागतं, २००च्या खाली गेला की थवाच उतरतो.

तुमच्या भावाच्या पुटकुळ्यांचं वर्णन वाचून मला जे सर्वांत आधी आठवलं त्याला आम्ही पीपीई म्हणतो. खाजणाऱ्या पुटकुळ्यांचं पुरळ, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही हात, दोन्ही पाय, बाहेरच्या बाजूला जास्त, कधी पाठीवर आणि चेहऱ्यावरही. तळहात, तळपाय आणि तोंडाची आतली बाजू सहसा सुटलेली असते. खाज इतकी की माणूस रात्री उठून बसतो, नखांनी फोडतो, जखमा होतात, त्या पिकतात, आणि शेवटी काळ्या डागांची रांग उरते. आपल्या देशात आणि आफ्रिकेत हे जास्त दिसतं. युगांडातल्या रुग्णांच्या बायॉप्सी, म्हणजे कातडीचे काढलेले तुकडे, तपासून २००४ साली जे मांडलं गेलं त्याने आमचं कोडं बरंचसं सुटलं: बहुतेक पुटकुळ्यांची रचना किडा चावल्यावर होते तशी होती. म्हणजे डास, पिसवा चावतात ते सगळ्यांनाच, पण गोंधळलेली प्रतिकारशक्ती त्या चाव्याला नको इतकं मोठं उत्तर देते. डासातून एचआयव्ही येत नाही, पण एचआयव्ही असलेल्याला डास असा छळतो.

पण थांबा. अशाच पुटकुळ्या खरजेतही येतात, आणि यंत्रमागावर दिवसभर घामात, सुताच्या तुसात उभं राहणाऱ्या कामगाराला साध्या ॲलर्जीनेही येतात. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती, जांघेत बघा, आणि घरात दुसऱ्या कुणाला रात्री खाज सुटते का ते विचारा. घरातले दोघे-तिघे खाजवत असतील तर पारडं खरजेकडे झुकतं, आणि मग औषध सगळ्या घराने एकाच रात्री लावायचं असतं, फक्त भावाने नाही. खरजेचा एक वेगळा प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रतिकारशक्ती फार खाली गेलेल्या माणसाच्या अंगावर खरजेच्या जाड खपल्या धरतात, खाज मात्र फारशी नसते. सोरायसिस समजून लोक त्यावर महिनोन्‌महिने मलम चोळतात. त्या खपल्यांत हजारो किडे असतात आणि अशा एका रुग्णापासून अख्ख्या वॉर्डाला खरूज होऊ शकते.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत शहराच्या पूर्व भागातल्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. विड्या वळायच्या, नवरा वारलेला, डोक्यावर पदर, मराठी आणि तेलुगू मिसळून बोलायच्या. हातापायांवर अगदी अशाच पुटकुळ्या. मी चार महिने मलमं बदलत राहिले. तंबाखूच्या धुळीची ॲलर्जी असेल असं धरून चालले. एचआयव्हीचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. 'यांना कसं विचारायचं' म्हणून मी तो बाजूला सारला. एका दिवशी त्या सहज म्हणाल्या, डॉक्टरीणबाई, कडक भाकरी सोडा, शेंगाची चटणीसुद्धा तोंडात धरवत नाही. मी पहिल्यांदा बॅटरी घेऊन त्यांचं तोंड बघितलं. टाळूवर, गालांच्या आत दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर. चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे एचआयव्ही दाखवणारी आली. नवरा कशाने गेला ते कुणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ते चार महिने माझ्यामुळे गेले. तेव्हापासून खाजेची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं मी तोंड उघडून बघते, आणि चाचणीचं विचारताना समोरच्याचं कुंकू, वय, घराणं बघत नाही.

म्हणून तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते शेवटचं वाक्य, जेवताना तोंड जळतं हे. त्याला उजेडात तोंड उघडायला सांगा. पांढरा थर चमच्याच्या मागच्या बाजूने हलकेच खरवडून निघत असेल आणि खाली लाल भाग दिसत असेल तर ती कँडिडाची बुरशी असण्याची शक्यता जास्त. ती मधुमेहात होते, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांना होते, कवळी लावणाऱ्यांनाही होते. पण ३४ वर्षांच्या, यातलं काही नसलेल्या माणसाला झाली तर कारण शोधावंच लागतं. घास गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, तेव्हा एक दिवसही घालवू नका. जिभेच्या कडांना न खरवडला जाणारा, उभ्या रेघांचा पांढरेपणा हाही प्रतिकारशक्ती घटल्याचा एक इशारा आहे. मात्र मावा, तंबाखू, मिश्री यांनीही न खरवडला जाणारा पांढरा चट्टा पडतो, आणि तो कर्करोगाच्या दिशेने जाऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात तंबाखू इतका आहे की हे वेगळं सांगावंच लागतं. भाऊ खात असेल तर तोंड दंतवैद्यांनाही दाखवा.

नागिणीबद्दल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची भीती आहे: तिने कमरेला पूर्ण वेढा घातला, तोंड आणि शेपूट जुळलं, की माणूस वाचत नाही. ती कांजिण्यांच्या त्याच झोपलेल्या विषाणूने होते आणि एका नसेच्या पट्ट्यातून चालते. शरीराची डावी नस डावीकडे, उजवी उजवीकडे, त्यामुळे ती सहसा मध्यरेषेवर थांबते आणि वेढा घालायचा प्रश्नच येत नाही. प्रतिकारशक्ती फार कमजोर असेल तर मात्र ती दोन-तीन पट्ट्यांत येते, अंगभर विखुरते, काळ्या खपल्या धरते, पुन्हा होते. गेरूने नागीण जात नाही. ती दोन-तीन आठवड्यांत आपल्या क्रमाने सुकते आणि श्रेय गेरूला मिळतं. तिच्यावर विषाणूविरोधी गोळ्या आहेत, पण त्या फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर खरा उपयोग. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा धोक्यात असतो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. तिशीतल्या माणसाला नागीण झाली म्हणजे एचआयव्ही आहेच असं मुळीच नाही. कित्येक तरुणांना ती होते आणि चाचणी निगेटिव्ह येते. पण चाचणी करावी एवढं कारण ती नक्की आहे. गेल्या वर्षी गेरूऐवजी कुणा डॉक्टरांचं दार वाजवलं असतं तर ही चाचणी तेव्हाच झाली असती.

बाकीचं भराभर सांगते. भुवया, नाकाच्या बाजू, कानामागे तेलकट पिवळसर कोंडा अचानक फार वाढणं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर मध्ये खळगा असलेल्या, मोत्यासारख्या पुटकुळ्यांची गर्दी. मुलांना त्या सहज होतात आणि त्यांचा अर्थ काही नसतो, मोठ्यांत असतो. अशा खळग्याच्या पुटकुळ्यांबरोबर ताप आणि सतत डोकं दुखणं असेल तर ती मेंदूपर्यंत जाणारी बुरशी असू शकते, सरळ सिव्हिल गाठायचं. जननेंद्रियावर किंवा गुदद्वाराजवळ महिना उलटूनही न भरणारी, हर्पीस नावाच्या विषाणूची जखम. नखाच्या मुळाकडून सुरू होणारा पांढरेपणा. तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग, जे गरमीचे, म्हणजे सिफिलिसचे असू शकतात. त्याची रक्तचाचणी एचआयव्हीबरोबरच करून घ्यावी. इंटरनेटवर जांभळ्या डागांचे फोटो बघून घाबरलेली मुलं माझ्याकडे येतात. तो कापोसी सार्कोमा नावाचा कर्करोग. १९८१ साली अमेरिकेत तरुण पुरुषांच्या अंगावर हे डाग दिसू लागले आणि या रोगाची चाहूल लागण्यामागे तेही एक कारण होतं, म्हणून तो प्रसिद्ध आहे. भारतात तो दुर्मीळ आहे.

गजकर्ण मात्र या यादीत मी मुद्दाम घेत नाही. गेली दहा-बारा वर्षं गजकर्ण घरोघरी आहे, हट्टी आहे, आणि त्याचं मोठं कारण एचआयव्ही नसून त्या ट्यूब आहेत. तुमच्या भावाने लावलेल्या तीनपैकी निदान एकीत तरी स्टेरॉइड असणार, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टेरॉइड अशी खिचडी असते. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो. आत बुरशी मोकाट वाढते, कातडी पातळ होते, जांघेत पांढरे-लाल चरे पडतात. त्वचेवर लावायची अशी स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ सालीच बंदी आली, तरी ती मिळतात. याहून वाईट ते 'खाजेचं इंजेक्शन'. महिनाभर पुरळ दबतं, आम्हाला खरा चेहरा दिसत नाही, आणि प्रतिकारशक्ती आणखी खाली जाते. सांधेदुखीच्या, दम्याच्या पुड्यांमधूनही नकळत पोटात स्टेरॉइड जातं, आणि वर्षभर असं चाललं की एचआयव्ही नसतानाही त्वचा तशीच वागायला लागते. न तपासलेला मधुमेह, कर्करोगाची किमो, बदललेली किडनी यांनीही हेच घडतं. त्यामुळे भावाची चाचणी करताना साखर आणि हिमोग्लोबिनही बघाच.

चाचणी सिव्हिलच्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात मोफत होते. आधी समुपदेशक एकट्याला बसवून बोलतात, संमती घेतात, मग रक्त. एक किट रिअ‍ॅक्टिव्ह आलं म्हणून कुणी निकाल सांगत नाही, वेगळ्या तत्त्वांच्या किटवर खात्री करतात. निकाल फक्त त्याला सांगतात. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी करणं, त्याच्या परवानगीशिवाय निकाल फोडणं आणि त्यावरून नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. कारखान्यात कुणाला सांगायची काहीही गरज नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. ताई, तुम्ही सोबत जा, पण खोलीत तो एकटा जाऊ दे. 'कुठून आणलंस' हा प्रश्न कृपा करून घरातल्या कुणी विचारू नका. त्या प्रश्नाच्या धाकाने माणसं वर्षभर ट्यूब लावत बसतात.

भावजयीसाठी मात्र वेळ दवडू नका. गरोदरपणाची नोंदणी करतानाच एचआयव्ही तपासतात, तो कागद तिच्या माहेरून मागवा. तो निगेटिव्ह असेल आणि भावाचा पॉझिटिव्ह आला तर तिची चाचणी पुन्हा करावी लागेल, आणि तोपर्यंत निरोध. तिलाही लागण असली तरी बाळ वाचवण्याचा रस्ता आज पक्का आहे: उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, आईला वेळेत गोळ्या आणि बाळाला औषध मिळालं तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. पाचव्या महिन्यात आहे म्हणजे हातात वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही.

समजा पॉझिटिव्ह आला. आपल्याकडे एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळायला लागल्या. त्याआधीची वर्षं मी पाहिली आहेत. माणसं शेतं विकून औषधं घ्यायची आणि शेत संपलं की औषध थांबायचं. सुरुवातीला सीडी-४ ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत थांबवत असत. २०१७ पासून आकडा काहीही असो, निदान झालं की लगेच सुरू करतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका दबला आणि दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

त्वचेच्या बाबतीत एक गोष्ट आधी सांगून ठेवते, कारण इथेच लोक गोळ्या सोडतात. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत पुरळ वाढू शकतं, नवी नागीण येऊ शकते, गळ्यात गाठ सुजू शकते, अंगावर कुष्ठरोगाचा दबलेला चट्टा लाल होऊन वर येऊ शकतो. राखण्या रानात परत आला की आधी आरडाओरडा होतोच. औषध बाधलं असं समजून मनाने गोळी थांबवायची नाही, केंद्रात जाऊन दाखवायचं. मात्र पुरळाबरोबर ताप, डोळे लाल, ओठ आणि तोंड सोलवटणं, कातडी सुटणं यातलं काही असेल तर ती औषधाची गंभीर ॲलर्जी असू शकते. सीडी-४ कमी असताना देतात त्या सल्फाच्या गोळ्यांनी ती जास्त दिसते. तेव्हा रात्र असो की गड्ड्याची जत्रा, लगेच सिव्हिलच्या तातडीच्या विभागात न्या आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा.

पीपीईची खाज एआरटीने जाते, पण सावकाश, कित्येक महिने घेते. काळे डाग त्याहून उशिरा फिकटतात. त्या मावशींचे हात सात-आठ महिन्यांनी शांत झाले होते. मधल्या काळात मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आखूड नखं, कडकडीतऐवजी कोमट पाणी, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल. पाण्यात जंतुनाशक औषध घालू नका, त्याने कातडी आणखी कोरडी पडते. रात्रीच्या खाजेसाठी गोळी मिळते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्या. झोप आणणारी असेल तर मागावर उभं राहण्याआधी घेऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना त्या तिन्ही ट्यूबची रिकामी खोकी, मिळाली तर गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि नागीण कमरेच्या कुठल्या बाजूला होती, तिचा डाग अजून आहे का, एवढं घेऊन जा. निघण्याआधी दोन दिवस अंगाला काही लावू नका, आणि तोंड बघायला सांगायचं विसरू नका.